औषध नाकारणारी मुळीमावशी

मुळीमावशीकडे औषध मागायला गेलेल्या माणसाला पहिल्या खेपेला औषध मिळाल्याचं मला आठवत नाही. "न्हाई" हा तिचा पहिला शब्द असायचा. तो उच्चारताना ती मान वर करून बघायचीसुद्धा नाही. हिरडे निवडत असली तर हिरडे निवडत राहायची, वरई पाखडत असली तर सूप चालूच. मग समोरचा माणूस उंबऱ्याशी घुटमळला की विचारायची, "सकाळी काय खाल्लंस?" दोन डोंगर उतरून आलेल्या माणसाला या प्रश्नाचा राग यायचा. तो सांगायला आलेला असायचा गुडघ्याचं, आणि ही विचारणार जेवणाचं, झोपेचं, पोट साफ होतं का त्याचं. सगळं ऐकून घ्यायची आणि त्याला परत पाठवायची. आठ दिवस अमुक सोड, तमुक खा, तरी दुखलं तर ये. निम्मी माणसं परत यायचीच नाहीत. त्यातली काही बरी झालेली असायची, काही रुसलेली. मावशीला दोन्ही चालायचं.

तिचं खरं नाव माझ्या रजिस्टरात होतं, पण त्या नावानं तिला कुणी हाक मारलेली मी ऐकली नाही. लुगड्याच्या ओच्यात कुठली ना कुठली मुळी बांधलेली असायची, म्हणून मुळीमावशी. जुन्नर तालुक्याच्या पश्चिमेला, मढच्या वरच्या अंगाला तिची वाडी. नवरा लवकर गेलेला, एक मुलगा सोमा, तो मंचरच्या बाजारात कांद्याच्या गाड्या भरायला जायचा आणि महिन्यातून एकदा घरी यायचा. भाताची दोन खाचरं, उतारावर नाचणी आणि वरई, आणि बाकी सगळं रान. "रान माझं न्हाई, मी रानाची," असं ती म्हणायची, पण त्यात लाडिकपणा काही नव्हता. रानात कुणी ओलं झाड तोडताना दिसलं तर ती त्याच्या हातातली कुऱ्हाड काढून घ्यायची. वनखात्याचा माणूस असला तरी.

नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला मी तिथल्या उपकेंद्रावर नर्स म्हणून रुजू झाले. बावीस वर्षांची होते. आमचं घर आंबेगाव तालुक्याच्या पार पूर्वेला, लोणीत. उघडं माळरान, बाजरी, विहिरीच्या पाण्यावरचा कांदा. चार महिने न थांबणारा पाऊस आणि भिंतींना चढणारी बुरशी मी पहिल्यांदाच बघत होते. आमच्या डॉक्टरसाहेबांनी पहिल्याच बैठकीत मला सांगितलं होतं की वर एक बाई आहे, तिला आवरा. लोक आधी तिच्याकडे जातात आणि आपल्याकडे येतात ते उशिरा. त्यांचं म्हणणं सगळंच चूक नव्हतं. त्या भागात तिच्यासारखे आणखी दोघे-तिघे होते आणि त्यांनी अडवून ठेवलेली माणसं मी पुढे पाहिली.

म्हणून मी तिला आवरायला गेले. पांढरी साडी, पिशवीत रजिस्टर, आणि ठणकणारं डोकं. ट्रेनिंगच्या होस्टेलपासून मला अर्धशिशी होती. रोज एक गोळी, पावसाळी हवेत दोन. मी तिला नियम सांगत होते आणि ती माझ्या डोळ्यांकडे बघत होती. माझं बोलून झाल्यावर तिनं विचारलं, "डोकं कवापासून दुखतंय?" मी उडवून लावलं. मग नेहमीचा प्रश्न आला. सकाळी दोन कप चहा, चार बिस्किटं, आणि जेवण दुपारी तीनला, फिरून आल्यावर. तिनं हिरड्यांचं सूप बाजूला ठेवलं. "आन तू लोकांला शिकवाया निघालीस," म्हणाली आणि नेहमीसारखं काय सोडायचं, काय खायचं ते सांगितलं.

तो अपमान मी घरी घेऊन आले आणि केवळ तिला खोटं पाडायचं म्हणून तिनं सांगितलेलं करून बघितलं. उठल्याबरोबरचा चहा बंद. सकाळी नाचणीची आंबील, बाराच्या आत भाकरी, दिवसातून दोन तांबे पाणी जास्तीचं. पहिले चार दिवस डोकं इतकं दुखलं की मी तिला शिव्या दिल्या. पंधरा दिवसांनी ठणका कमी झाला. दीड महिन्यानं लक्षात आलं की त्या आठवड्यात मी एकही गोळी घेतलेली नाही. तेव्हा मी पुन्हा वर गेले आणि अर्धशिशीवरची तिची मुळी कोणती ते विचारलं. तिला हसू आवरेना. म्हणाली, "मुळी न्हाईच. तू उपाशी व्हतीस."

त्यानंतर सुट्टीच्या दिवशी मी तिच्याबरोबर रानात जाऊ लागले. शिकवायची तिची पद्धत म्हणजे शिकवायचंच नाही. ती चालायची, मी मागे. कुड्याच्या झाडाशी थांबून सालीचा तुकडा जिभेवर ठेवायला लावायची आणि तोंड कडू झालं की पुढे निघायची. अडुळसा, निरगुडी, मुरुडशेंग, गुळवेल, सगळी ओळख आधी जिभेनं आणि नाकानं. नाव शेवटी. साल काढायची ती झाडाच्या एकाच बाजूची, आणि तीही तळहाताएवढी. मुळी खणायची ती बी पडून गेल्यावर, निम्मी तोडायची आणि निम्मीवर माती ओढून पायानं दाबायची. मी एकदा आळसानं माती न ओढताच उठले, तर वाडी येईपर्यंत ती माझ्याशी बोलली नाही.

आमचं सगळं जमत होतं असं नाही. लहान मुलांच्या लसीवरून दोन वर्षं भांडण चाललं. टोचलं की पोराला ताप येतो, चांगल्या पोराला ताप आणणारं औषध कसलं, हा तिचा मुद्दा. मी समजावून थकले. मग शेजारच्या वाडीत गोवर आला आणि टोचलेली पोरं खेळत राहिली, न टोचलेली निजली. तिनं ते स्वतः फिरून मोजलं. पुढच्या लसीकरणाला वाडीतली पोरं तीच हाकून घेऊन आली आणि मला म्हणाली की चूक माझी व्हती, लिही तुझ्या वहीत. मी लिहिलं नाही. पण जुलाबाच्या पोरांना मी मीठ-साखरेच्या पाण्याची पाकिटं द्यायला लागले तेव्हा तिनं पाकीट फोडून चाखलं आणि आपली मीठ घातलेली भाताची पेज माझ्यापुढे ठेवली. ते मात्र मी लिहून घेतलं. पाकिटं संपली की मी पेज सांगायची. जीभ कोरडी पडली, लघवी थांबली, की तीसुद्धा पोराला खाली पाठवायची.

एकदा ती माझ्याबरोबर लोणीला आली. वडिलांचा खोकला जात नव्हता आणि मंचरच्या दवाखान्यात दोन वेळा जाऊन झालं होतं. आमच्या रानात कांद्याची भांगलण चालली होती. मावशी बांधावर थांबली आणि बायकांनी उपटून टाकलेल्या ढिगातून एकेक काडी उचलायला लागली. ही घेटुळी, हा माका, ही एकदांडी. आमच्या आईनं जन्मभर ज्याला गवत म्हटलं ते ती नावानिशी बाजूला काढत होती. "तुमी औषध उपटून बांधावर फेकता आन मंग मंचरला औषध आनाया जाता," ती म्हणाली. वडील पाटीलकीच्या घरातले, कुणाचं ऐकून घ्यायची सवय नाही. त्यांनी खोकल्याचं विचारलं. तिनं पाठीवर पंप घेतलेल्या गड्याकडे बोट केलं. कीटकनाशक फवारताना वडीलही तसेच उभे राहायचे, तोंड उघडं. ती म्हणाली, "पावणं, आदी तोंडाला फडकं बांधा. इख पिऊन वर अडुळसा पिला तर अडुळशाची अब्रू जाईल." वडील दोन दिवस धुसफुसले. तिसऱ्या दिवशी आईचं जुनं लुगडं फाडून फडकं बांधलं. मग तिनं अडुळसा दिला.

आता हौसाचं सांगते. त्यावरून मावशी काय होती ते कळेल.

आषाढ होता, भाताची लावणी चालली होती. हौसा ही वाडीतलीच सून, पंचविशीची, दोन लेकरांची आई. रोपं उपटताना तिच्या पायाला घोणस चावली. दीर आणि चार माणसं तिला झोळीत घालून थेट मावशीच्या दारात घेऊन आली. मी तिथंच होते, गरोदर बायकांच्या नोंदी करत. पाय घोट्यापर्यंत सुजला होता आणि हौसाच्या हिरड्यांतून रक्त यायला सुरुवात झाली होती. मावशीनं एकदा पायाकडे पाहिलं, एकदा तोंडाकडे, आणि उठून बाहेर आली. दार ओढून घेतलं आणि दारालाच पाठ लावून उभी राहिली.

दीर हात जोडून म्हणाला की मुळी द्या. तिनं सांगितलं, यावर मुळी नाही, दुधाची जीप खाली निघायची आहे, तिच्यात घाला. तो ऐकेना. खाली जाईपर्यंत वाटेत मरेल, इथं निदान घरचं औषध पोटात जाईल, असं त्याचं चाललं. मग तो तापला.

"माझ्या बापाला तूच वाचवला व्हतास. साऱ्या गावानं बघितलंय. आता काय झालं?"

तीस वर्षं त्या एका गोष्टीवर मावशीचं नाव डोंगरात चालत होतं. मग ती सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "तुझ्या बापाला मी वाचवला न्हाई. त्याला बिनइखारी चावला व्हता. मला तवाच कळलं व्हतं. लोकांनी माझा जयजयकार केला आन मी गप बसले. ते पाप माझं. आता हिला त्या पापात मारू नका."

तिनं स्वतः झोळीचं एक टोक खांद्यावर घेतलं आणि चालायला लागली. तेव्हा बाकीचे हलले. जीपमध्ये दुधाच्या कॅनांमध्ये जागा करून आम्ही हौसाला आडवं केलं. पायाला घट्ट बांधलेली दोरी मी सैल केली आणि मावशीनं जुन्नर येईपर्यंत तो पाय मांडीवर धरून ठेवला, जराही हलू दिला नाही. हौसा मधूनमधून विचारायची की मी जगेन का, आणि मावशी दर वेळी तेच सांगायची, "मला ठाऊक न्हाई पोरी, ज्यांना ठाऊक हाये त्यांच्याकडं चाललोय." सापावरची लस मिळाली. दहा दिवसांनी हौसा चालत घरी आली.

हौसा वाचली आणि मावशीची गिऱ्हाइकी गेली. तिची विद्या उतरली असं लोक बोलू लागले. एवढी वर्षं फसवलं, असंही काहीजण म्हणाले. ज्या दिराच्या भावजयीसाठी तिनं स्वतःचं नाव मातीत घातलं, तोच दीर वर्षभर तिच्या दारावरून बोलल्याशिवाय जायचा. मला फार वाईट वाटायचं. एकदा तसं म्हटलंही. ती माझ्यावरच उखडली. ती म्हणाली की लोकांनी देवी केलं होतं तेव्हा रोज भीती वाटायची, आता माणूस झाले, झोप लागते. हळूहळू खोकल्याची, सांधेदुखीची, अंगावरून जाण्याची तक्रार घेऊन बायका पुन्हा यायला लागल्या. आता तिच्या नकाराला एक वाक्य आणखी जोडलं गेलं होतं. हे माझं, आणि हे नर्सबाईचं, असं ती सरळ वाटून द्यायची.

दोन हजार सालानंतर शहरात सगळ्यांनाच वनौषधींचं वेड लागलं. एक दिवस पुण्याहून गाडी घेऊन दोन माणसं वाडीत आली. त्यांना मावशीचा फोटो बाटलीवर छापायचा होता. डोंगरातल्या आदिम माउलीचं गुपित, असं काहीतरी. मधुमेह, रक्तदाब, केस, वजन, सगळ्यावर एकच काढा. सोमाला त्यांनी आधीच गाठलं होतं आणि चांगली रक्कम बोलले होते. तो खूश होता, घरावर पत्रा टाकायचा म्हणत होता. मावशीनं बाटली उघडून वास घेतला, थेंब जिभेवर ठेवला. गूळ आणि रंग, ती म्हणाली. मग तिनं त्यांना विचारलं, "ह्यानं बरा न्हाई व्हत असा एक आजार सांगा." ते बाटलीवरची यादीच पुन्हा वाचू लागले. "मंग ह्यात औषध न्हाई," म्हणून तिनं बूच लावलं. सोमा त्या दिवशी न जेवता मंचरला निघून गेला आणि सहा महिने घरी फिरकला नाही. तिला ते लागलं. संध्याकाळच्या एसटीच्या वेळेला ती उंच बांधावर जाऊन उभी राहायची, हे मी कितीदा पाहिलं. पण निरोप पाठव म्हटलं तर पाठवू द्यायची नाही.

त्याच सुमारास ती एकदा उपकेंद्रात आली. सगळ्या बायका जाईपर्यंत बसून राहिली आणि मग चोळीची गाठ सोडली. डाव्या छातीत लिंबाएवढी गाठ होती. "ही माझ्या मुळीची न्हाई," ती म्हणाली. मी पुण्याला मोठ्या दवाखान्यात नेलं. ऑपरेशन करावं लागलं. सोमाला मीच कळवलं. तो आला, आईच्या पायाशी बसून रडला, आणि गावात मात्र पोटाचं ऑपरेशन म्हणून सांगू लागला. ती परत आली तेव्हा वाडीत कुजबूज झालीच. दुसऱ्यांना पाला देणारी स्वतः डॉक्टरकडे गेली. पाणवठ्यावर कुणीतरी तसं तोंडावर बोललं. मावशीनं घागर खाली ठेवली. "सुताराच्या घरी कुंभाराचं मडकं नसतं व्हय?" एवढं विचारलं आणि भरलेली घागर उजव्या हातानं उचलून निघाली. बायकांना ती ऑपरेशनचा वण उघडा करून दाखवायची. हे कापलं, आणि मी ही इथं आहे. लाजायचं काय त्यात, असं तिचं म्हणणं होतं. वण ओढायचा तेव्हा त्यावर तेल लावायची, सकाळी आंबील प्यायची, दोन्ही वेळा रानात जाऊन यायची, आणि डॉक्टरांनी दिलेल्या गोळ्या पाच वर्षं न चुकता घेतल्या. मी मंचरच्या बाजूला बदलून गेले तरी गोळ्या मीच पाठवायची.

ऑपरेशननंतर ती सहा वर्षं जगली. एका हिवाळ्यात छातीत कफ झाला, चार दिवस अंथरुणावर होती आणि गेली. मी पोचले तेव्हा सगळं आटोपलं होतं. दहाव्याला नदीकाठी एवढी माणसं जमली की चपला काढायला जागा उरली नाही. प्रवचन झालं आणि मग आमच्याकडच्या रिवाजाप्रमाणे श्रद्धांजलीची भाषणं सुरू झाली. तालुक्यातले एक पुढारी उठले. ते म्हणाले की या माउलीनं जन्मात इंग्रजी गोळी तोंडात घातली नाही, सापाचं विष मुळीनं उतरवलं, आणि आजच्या दवाखान्याच्या नादी लागलेल्या पिढीनं तिचा आदर्श घ्यावा. लोक माना डोलवत होते, वाडीतलेसुद्धा.

मी बायकांमध्ये बसले होते. सरकारी नोकरी, माणसं ओळखीची, वेळ दुःखाची. आमच्या भागात दहाव्याला बायका भाषण करत नाहीत. मी उठले. माईकपर्यंत जायला वाट द्यावी लागली आणि लोकांनी दिली, बहुधा काय चाललंय ते न कळल्यामुळे. मी कोण ते सांगितलं आणि म्हणाले, "मावशीनं गोळी घेतली नाही हे खरं नाही. तिच्या छातीत गाठ झाली होती. ती आपल्या पायांनी माझ्याकडे आली. पुण्याला ऑपरेशन झालं म्हणून सहा वर्षं जास्त जगली. साप चावलेल्या माणसाला तिनं मुळी दिली नाही, गाडीत घातलं."

मागून कुणीतरी म्हणालं, बाई, खाली बसा, ही वेळ आहे का. पुढाऱ्यांनी माईककडे हात केला. तेवढ्यात मुंडण केलेला सोमा पुढे आला. मला वाटलं हा आता मला थांबवणार, कारण एवढी वर्षं त्यानं पुरुषमाणसांत लपवलेलं मी चारचौघांत सांगितलं होतं. तो पुढाऱ्यांना म्हणाला, "बोलू द्या बाईंना. आईचंच बोलत्यात त्या."

मग मी सगळं बोलले. पाल्यानं काय बरं होतं ते, आणि काय होत नाही तेही. तिचं नाव घेऊन कुणी आजार घरात दडवून ठेवू नका, एवढं शेवटी सांगितलं आणि जागेवर जाऊन बसले. टाळी वाजवायची ती जागा नव्हती.

निघताना मी चपला शोधत होते तर कुणीतरी पदर धरला. पलीकडच्या वाडीतली बाई होती, चाळिशीची, मी तिला पूर्वी कधी पाहिली नव्हती. ती खाली बघत म्हणाली, "तुमी सांगितली तसली गाठ मलाबी हाये. दोन वरसं झाली. घरात कुनाला ठाऊक न्हाई."

मी त्या दिवशी मंचरला गेले नाही. तिच्या घरी मुक्काम केला, तिच्या नवऱ्याशी बोलले, आणि सकाळच्या पहिल्या एसटीत आम्ही दोघी बसलो. गाडी भरलेली होती, निम्मी माणसं तिच्याच गावची. कंडक्टरनं कुठं म्हणून विचारलं. मी तोंड उघडायच्या आत तीच बोलली, मागच्या बाकापर्यंत ऐकू जाईल असं, "पुन्याला. छातीत गाठ हाये, दवाखान्यात चाललीय."